कांताने जपलेला जंतू

कुंडलिकच्या मानेवर गळू झालं तेव्हा ठाकुर्लीच्या डॉक्टरने दोन दिवस एक अँटिबायोटिक दिलं, मग दुसरं, मग तिसरं. एकही पुरतं दिलं नाही. विष रक्तात भिनलं आणि डोंबिवलीच्या कारखान्यात राबणारा धडधाकट माणूस आठवड्यात गेला. त्याची बहीण कांता जाब विचारायला गेली, तर डॉक्टर म्हणाला, "तुमच्या वस्तीत घाणच एवढी, औषध काय करणार?"

हे सत्त्याऐंशी साल. कांता तेव्हा मायक्रोबायोलॉजी शिकत होती. कुंडलिकचा पू जिथे तपासला, त्या लॅबमधून तिने तो जंतू मागून आणला आणि वर्षानुवर्षं जिवंत ठेवला. त्याला आपल्या हाताने मारायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. नेहमीच्या औषधांना तो दाद देत नव्हता.

पुढे ती ठाण्यातल्या एका औषध कंपनीत लागली. बेडकाच्या कातडीत जंतू मारणारे प्रथिनांचे चिमुकले तुकडे असतात. त्यांना पेप्टाइड म्हणतात. तसलेच तुकडे तिथे बनवून बघत होते. ते जंतूचं आवरणच फोडतात. कांताने पहिल्याच संधीला आपला जंतू पुढे केला. सकाळी जंतू वाढवायची काचेची बशी उघडली, तर पेप्टाइडचा थेंब टाकला होता तिथे सगळं साफ. ती खुर्चीत बसून कितीतरी वेळ त्या मोकळ्या जागेकडे बघत राहिली. असं सुख तिला लग्नातही झालं नव्हतं.

हे कुठूनसं ऐकून तोच डॉक्टर एक दिवस तिच्या दारात आला. मधुमेहाने पायाला जखम झालेली, कोणतंच औषध लागू पडेना. तिला त्याने ओळखलं नाही.

"आमच्या वस्तीबद्दल काय म्हणाला होतात, ते परत म्हणा," कांता म्हणाली.

त्याला काहीच आठवेना. तिला सगळ्यात जास्त झोंबलं ते हेच.

"औषध अजून झालेलं नाही. झालं असतं, तरी तुम्हाला दिलं नसतं."

पहिलं वाक्य खरंच होतं. रक्तातल्या क्षारांत पेप्टाइडचा जोर ओसरायचा, खर्चही अफाट. वर्षभरात कंपनीने काम गुंडाळलं. डॉक्टरचा पाय कापावा लागला, पण तो जगला. कांताला त्याची दया आली नाही, आणि हे ती कुणापाशी लपवायचीही नाही.

नंतर ती कल्याणच्या एका लॅबमध्ये लागली. नमुना द्यायला आलेल्या रुग्णांना ती गोळ्या किती दिवस दिल्या ते विचारायची आणि अर्धवट औषध देणाऱ्या डॉक्टरांना फोन करून सुनावायची. दोघांनी तिच्याकडे नमुने पाठवणं बंद केलं. तिसऱ्याने मात्र गोळ्या पुरत्या द्यायला सुरुवात केली.