एका गोळीची रायफल

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. काल मीही वडिलांची जुनी रायफल घेऊन रांगेत उभी होते. पुढे आमच्या शेजारचे नाना. त्यांचीही रायफल माझ्या रायफलीसारखीच, एका वेळी एकच गोळी भरायची. नानांनी ती मागून उघडली, नळी खिडकीच्या उजेडाकडे धरून आत डोकावले, आणि पुन्हा डोकावले.

"नाना, रिकामीच आहे. मघाशी बघितली की," हवालदार म्हणाले.

"असू दे. सवय आहे."

त्या सवयीपाशी माझं मन अडकलं. नेमबाजीच्या मैदानावर बाकीचे धडाधड गोळ्या झाडतात. मी एक झाडते. मग रिकामं काडतूस काढायचं, खिशातून दुसरं शोधायचं, श्वास जागेवर आणायचा. त्या मधल्या वेळात जीव नुसता तळमळतो. गोळी कुठे लागली, हात हलला का? तरी थांबावंच लागतं. एरवी मी कुठे थांबते? घरात एक शब्द चुकीचा गेला, की तो सावरायला आणखी दहा सोडते.

पावत्या घेऊन आम्ही बाहेर पडलो. चालताना नाना सतत उजवा खांदा उचलत होते, रायफलीचा पट्टा घसरत असल्यासारखा. नाना, तिथे आता काही नाही, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. माझीही मूठ छातीशी घट्ट आवळलेली होती, नसलेला पट्टा धरून.