तोफमामांनी बोलीत जिंकलेल्या दोन स्टिका

तोफमामांचा आवाज हा नुसता आवाज नव्हता, ती देणगी होती. आणि ती देणगी त्यांनी जन्मभर टोमॅटोंवर उधळली.

घाऊक भाजीबाजारात ते लिलाव पुकारायचे. पहाटे कट्ट्यावर चढले, की शेवटच्या हातगाडीवाल्यापर्यंत शब्दन् शब्द पोचायचा. ना माईक, ना कर्णा. बाजाराने त्यांना तोफ म्हटलं, पोराटोरांनी त्याला मामा जोडला, आणि त्यांच्या बायकोला आपोआप मामी करून टाकलं.

या मामींनी लग्नानंतर नवऱ्याकडे काही म्हणून मागितलं नव्हतं. रुसून नव्हे, मागत बसण्यापेक्षा स्वतःच करून मोकळं व्हायचं, असा त्यांचा खाक्या. म्हणून मामा बाजारातून निवृत्त झाल्यावर एका दुपारी मामी फोन ठेवून त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा ते जरा घाबरलेच.

"अहो, आमचा मुलींचा हॉकी क्लब बंद झाला. क्लबाचं कपाट लिलावात काढलंय. त्यात माझी स्टिक आहे. ती मला हवीय."

"हवीय म्हणजे? गुडघ्याला पट्टा बांधून खेळणार?"

"हवी म्हणजे हवी."

मामी एके काळी सेंटर फॉरवर्ड होत्या. लग्न ठरलं, मैदान सुटलं, आणि स्टिक कपाटात राहिली ती राहिलीच. मामांना हे ऐकून माहीत होतं, जसं आपल्याला शेजाऱ्याचं गाव माहीत असतं, तसं. पण बायको पहिल्यांदा काही मागत होती, आणि तेही लिलावातलं! मामांची छाती फुगली.

"अगं, माशाला पोहायला शिकवतेस का? आणतो म्हण!"

साठवलेले पैसे पाकिटात घालून दोघं लिलावघरात पोचली. आत गालिचा, गादीच्या खुर्च्या, कुजबुजती माणसं. जुन्या सह्यांचे चेंडू, टोप्या, पदकं काचेखाली मांडलेली. व्यासपीठावरचा लिलाववाला इतक्या नाजूक आवाजात बोलत होता, की मामांना त्याची दया आली.

"याला बाजारात उभा केला, तर कांदेसुद्धा झोपी जातील," ते मामींच्या कानात म्हणाले.

पुढच्या तिन्ही रांगांनी वळून पाहिलं.

"हळू बोला!"

"हळूच बोललो."

क्लबाच्या कपाटातल्या दोन स्टिका एकाच लॉटमध्ये बांधून आल्या. मामांनी नंबराचा पुठ्ठा वर केला. समोरून चौकड्यांचं जाकीट घातलेल्या एका गृहस्थानेही केला. हे वर, ते वर; पाकिटाचा तळ दिसायला लागला, आणि नेमक्या तिथेच जाकीटवाल्यांनी नकारार्थी मान हलवली. हातोडा पडला. मामांनी मामींकडे असं पाहिलं, जणू अख्खं मैदान मारून आणलंय.

मामींचा गुडघा कुरकुरत होता. त्या जिन्यापाशी बाकावर बसल्या आणि मामा एकटेच खिडकीशी गेले. खिडकीतल्या मुलीने बिल पुढे सरकवलं. त्यावरचा आकडा पाकिटापेक्षा बराच मोठा होता.

"बाळ, हे दुसऱ्याचं बिल आहे."

"तुमचंच आहे, काका. ही तुमची बोली. हा त्यावर खरेदीदाराचा प्रीमियम, शेकडा वीस. हा त्या प्रीमियमवरचा कर. आणि ही हाताळणी."

"हाताळणी कुणी केली? मी तर अजून हातही लावला नाही."

"बिल भरेपर्यंत लावायचाही नाही, काका."

मामा मुळापासून समजून घ्यायला निघाले. त्यांच्या बाजारात अडत्या आपली अडत विकणाऱ्याकडून कापायचा. घेणाऱ्याने बोली मोजली की माल त्याचा. "मग इथे विकणाऱ्याकडून काही घेत नाही का तुम्ही?"

"घेतो ना. त्यांच्याकडून वेगळं कमिशन."

"दोन्हीकडून?"

"दोन्हीकडून."

"मृदंग दोन्हीकडून वाजतो हे माहीत होतं, बाळ. दोन्हीकडून खातो, हे आज कळलं. पण मग सांग, त्याने हातोडा आपटला तो कुठल्या भावावर?"

"तुमच्या बोलीवर."

"आणि द्यायचे?"

"बोलीपेक्षा जास्त. नियमांच्या पुस्तिकेत लिहिलंय."

मामा पाकिटाकडे बघत राहिले. बाहेर बाकावर बसलेल्या बाईला आता काय सांगायचं? जिंकलो, पण मिळाली नाही? इतक्यात पाठीमागून जाकीटवाले आले. त्यांनी घेतलेल्या कुठल्याशा टोपीचं बिल त्यांना भरायचं होतं. मामांच्या डोक्यात बाजार जागा झाला. तिथे बोलीत जास्त माल अंगावर आला, की शेजारच्याला त्याच भावाने वाटा द्यायची पद्धत.

"काय हो, वाटा घेता? निम्मे पैसे, एक स्टिक."

"घेतो की! कोणती?"

मामांनी जन्मभराच्या नजरेने माल पाहिला. एक स्टिक सरळ, चकचकीत, मुठीवर नीटस पट्टी गुंडाळलेली. दुसरीची कड फुटलेली, खालचं वळण सोललेलं, मूठ सुतळीने आवळलेली आणि घामाने काळी. बाजाराचा नियम लेकरालाही ठाऊक: चांगला माल आपल्याकडे, डागी माल वाट्यात. मामांनी जरा ओशाळूनच डागी स्टिकेकडे बोट केलं.

"हीच! हीच हवी होती!" जाकीटवाल्यांनी घाईघाईने पैसे काढले.

डागी माल मिळाल्यावर एवढं हरखलेलं गिऱ्हाईक मामांनी पाहिलं नव्हतं. शिवाय मघाशी पैसे कमी पडत होते, ते आता चक्क उरले. हेही त्यांना नीट उमगलं नाही. पण स्टिक हातात आली होती. ती दोन्ही हातांवर आडवी धरून ते मामींसमोर उभे राहिले.

मामींनी पाहिलं. "ही नव्हे."

"अगं, कोरी करकरीत आहे!"

"म्हणूनच नव्हे. दुसरी कुठाय?"

"ती... ती डागी होती. वाट्यात दिली."

मामींनी ती स्टिक त्यांच्या हातांवरून उचलून स्वतःकडे घेतली. त्या ओरडल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं. आवाजाचं उत्तर त्यांच्यापाशी तयार असायचं.

मग मामी कठडा धरून उठल्या आणि लंगडत दारापाशी गेल्या. जाकीटवाले कागदात गुंडाळलेली स्टिक काखेत धरून गाडीची वाट बघत होते.

"भाऊ, ती स्टिक माझी आहे. चुकून तुमच्याकडे आली."

"तुमची? म्हणजे तुम्ही खेळायचात?"

"सेंटर फॉरवर्ड."

गृहस्थांचा चेहरा उजळला आणि काखेतली पकड घट्ट झाली. "मावशी, मग तर मी ही मुळीच सोडणार नाही! या फुटक्या कडेसाठीच घेतली. खेळलेली वस्तू ती. आणि आता तर खेळाडू स्वतः भेटल्या!"

"थांबा," मामा मधे पडले. "डाग असला की किंमत वाढते?"

"वाढते."

"आणि मालकीण भेटली की आणखी वाढते?"

"अर्थात."

"म्हणजे हिने खरं सांगितलं म्हणून वस्तू हातची गेली?"

"आता... तसं म्हणता येईल."

मामांनी पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं.

"तुम्ही जरा गप्प राहा," मामी म्हणाल्या. त्यांनी पर्समधून नेलकटर काढलं आणि कोऱ्या स्टिकेच्या मुठीवरची पट्टी खरवडायला सुरुवात केली. चिकट चिंध्या निघत गेल्या. खाली लाकडात डागून काढलेली अक्षरं होती: मामींचं माहेरचं नाव आणि अंतिम सामन्याचं वर्ष.

"ही बक्षीस मिळालेली. हिने एकही चेंडू मारला नाही मी. पट्टीही मीच गुंडाळली. गोल मी मारला, पण बाकीच्या दहाजणी काय फोटो काढायला उभ्या होत्या? नाव मिरवायची लाज वाटायची. बोला. ही घ्या, ती द्या."

जाकीटवाले एकदा फुटक्या कडेकडे, एकदा नावाकडे पाहू लागले. एकीवर खेळ होता, नाव नव्हतं. दुसरीवर नाव होतं, खेळ नव्हता. "दोन्ही मलाच द्याल?"

"नाही."

गाडी येऊन उभी राहिली. ड्रायव्हरने हॉर्न दिला. गृहस्थांनी काखेतला कागद हळूहळू सोडला आणि नाव असलेली स्टिक घेतली. अक्षरांवरून अंगठा फिरवताना त्यांचा चेहरा अगदी लहान मुलासारखा झाला, हे मात्र कबूल करायला हवं.

"या अदलाबदलीवर शेकडा किती?" मामांनी घाबरत विचारलं.

"काही नाही हो!" गाडीतून उत्तर आलं.

"बघा बुवा. मागाहून पुस्तिका दाखवाल."

फुटपाथवरून दोघं निघाली. मामी पुढे, हातात काळी पडलेली मूठ. बोटं सुतळीच्या वळ्यांवर आपसूक बसलेली. मामा मागून चालत अडत, प्रीमियम आणि डाग यांचा मेळ घालत होते. काही केल्या जमेना.

"एक सांग. नाव असलेली देऊन ही फुटकी का घेतलीस?"

"नाव मला पाठ आहे."

मामांनी समजल्यासारखी मान डोलावली. समजलं काहीच नव्हतं. जरा वेळाने त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे. जड असेल, मी धरतो."

"नको," मामी म्हणाल्या. "कोपऱ्यावर पोचेपर्यंत आणखी कुणाला वाटा द्याल."