झिंग्यांना घातलेली अश्वगंधा

लग्नाला चार-पाच वर्षं झाली तरी मूलबाळ नव्हतं. आम्ही दोघं उमापूरच्या शेतात राहायचो. सासऱ्यांचं बीडला जडीबुटीचं दुकान. गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा वर्ज्य. त्या काळात जो तो नव्या धंद्याचं बोलायचा. नवऱ्यानं कोकणातून झिंग्यांची पिल्लं आणून शेतातल्या तळ्यात सोडली. मला म्हणाला, "वडलांना सगळं सांगितलंय."

पिल्लं मरू लागली. कवचावर काळे डाग यायचे. कात टाकून मऊ पडलेल्याला बाकीचे जिवंतच खायचे. कुणीतरी सांगितलं, खाद्यात अश्वगंधा, लसूण, हळद घाला. नवरा दुकानातून अश्वगंधेच्या मुळ्या आणू लागला. मी त्या कुटायचे, पेंडीत कालवायचे, सोऱ्यातून पाडून वाळवायचे. हळूहळू मरतूक थांबली. कवचं स्वच्छ झाली, अंगं भरली. माझा त्यांच्यावर जीव जडला.

एका दुपारी मामंजी न सांगता आले. मी ओसरीवर मुळ्या कुटत होते. त्यांनी मायेनं विचारलं, "गुण येतोय का, पोरी?"

"लई गुण आला. चला, दाखवते."

मी त्यांना तळ्यावर नेऊन जाळं ओढलं. झिंगे बघून त्यांचा चेहरा उतरला. सुनेची कूस उजवावी म्हणून औषध हवं, असं सांगून नवरा मुळ्या नेत होता. ते दर खेपेला निवडक मुळ्या बाजूला काढून ठेवत. कपिलधारला नवसही बोलले होते. हे सगळं मला तिथं, ओलं जाळं हातात असताना त्यांच्या तोंडून कळलं.

नवरा रानातून आला.

"कावून केलंस हे?" त्यांनी विचारलं.

त्यानं माझ्याकडं बोट केलं. "हिलाच औषध नको होतं. म्हणली, झिंग्यांना घालते."

"मला ठाऊकच न्हवतं, मामंजी," मी म्हणाले.

"तुज्या पोटात गेलं असतं तरी वायाच गेलं असतं. त्यांना निदान लागू तरी पडलं."

मग ते लेकाला म्हणाले, "फोड तळं."

त्यानं टिकाव आणून बांध फोडला. पाणी निघून गेलं, झिंगे चिखलात उरले. मी घमेलं घेऊन उतरायला गेले, तर मामंजींनी ते हिसकावून घेतलं. "बस हितं. बघ." दिवस मावळेपर्यंत त्यांनी मला बांधावर बसवून ठेवलं. बगळे आले, मग कुत्री आली. मोठ्या नरांच्या निळ्या नांग्या बराच वेळ उघडझाप करत होत्या.

सकाळी मी नेकनूरला माहेरी आले. दिवाळीनंतर नवरा न्यायला आला.

"तुमी खरं सांगितलं का त्यांना?" मी विचारलं.

"आता कावून उकरायचं? तुजं नाव तर गेलंच हाय. माजं कशाला घालवायचं?"

आईनं दिलेला चहा त्यानं निवांत संपवला. मी त्याच्यासोबत गेले नाही. काडीमोड झाली आणि उन्हाळ्यात त्यानं दुसरं लग्न केलं. मुलीकडच्यांना त्यानं सांगितलं होतं, पहिली बायको चोरून झिंगे खायची.