आधी बारशाचा कॉल

मी घर सोडलं त्या दिवशी आमच्या कडावच्या घराच्या पत्र्यावर इंटरनेटची डिश बसवायला दोन माणसं चढलेली होती. अंगणात माझ्या बॅगा तयार, गाडीवाला घाई करतोय, आई पदराने डोळे पुसतेय, आणि अण्णा मान वर करून त्या माणसांना विचारताहेत, "टावर दिसतोय का रं?" मुलगी आयर्लंडला निघाली होती आणि बाप तिच्याकडे बघायलाच तयार नव्हता. मला रागच आला. वरून उत्तर आलं, फणसाची फांदी आड येतेय. अण्णांनी कोयता घेतला. ज्या फणसाला त्यांनी आयुष्यात कुणाला साधा दगड मारू दिला नव्हता, त्याची भरली फांदी त्यांनी स्वतः उतरवली. "आता दिसशील," एवढंच म्हणाले. कर्जत येईपर्यंत मी मुसमुसत होते.

तुम्ही जे तिकडे राहिलात, तुम्हाला त्या डिशचं काही वाटत नसेल. आमच्या आळीपर्यंत केबल कधी पोचलीच नाही, म्हणून दहिवलीच्या निलेशभाऊंनी टेकडीवर टॉवर उभा केला आणि घरोघर पत्र्यावर एकेक डिश बसवली. तेच आमचं इंटरनेट. पण माझ्यासारखे जे निघून आले, त्यांना ठाऊक आहे की त्या ताटलीएवढ्या वस्तूवर आपला किती जीव टांगलेला असतो.

आणि नशिबाची गंमत बघा, इथे मी तेच काम करते. पश्चिमेकडच्या एका छोट्या कंपनीत, डोंगरावरच्या टॉवरवरून शेतांवरच्या घरांना नेट पुरवायचं. कडावला मी सकाळी दुधाचे कॅन घेऊन सायकलवरून डेअरीत जायचे. इथे गाईंचं दूध रोबॉट काढतो, आणि त्याचं नेट गेलं की शेतकरी मला फोन करतो. पहिल्या हिवाळ्यात मी घरी सांगितलं की इथेही माझं पोट म्हशी-गाईंवरच चालतं. आई म्हणाली, मग एवढ्या लांब कशाला गेलीस.

टॉवर एक आणि घरं शंभर, म्हणजे संध्याकाळी गर्दी होणारच. कुणी सिनेमा बघतो, कुणी गेम उतरवून घेतो, आणि कुणाचा तरी लेकाशी चाललेला व्हिडिओ कॉल त्यात गुदमरतो. कुणाला आधी सोडायचं, ते मी ठरवते. हे मी कॉलेजात शिकले असं सगळ्यांना वाटतं, पण शिकले कडावच्या गिरणीत. तिथे पोत्यांची रांग लागलेली असली तरी कुणी लहान बाळाच्या नाचणीचा डबा घेऊन आली की गिरणवाला तो आधी दळून द्यायचा. डबा दोन मिनिटांत दळून होतो, त्याने पोतेवाल्यांचं काही अडत नाही, आणि बाळ उपाशी राहत नाही. व्हिडिओ कॉलचंही तसंच आहे. त्याचे तुकडे छोटे असतात, पण त्यांना थांबणं परवडत नाही. सिनेमा थोडा मागून आला तरी चालतो.

तर माझ्या धाकट्या भावाला, महेशला, मुलगी झाली. मी आत्या झाले! ऑफिसात मी तीन दिवस जमिनीवर नव्हते. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचं ते आत्यानेच, आणि आमच्याकडे ते नाव तोवर कुणाला कळू द्यायचं नाही. रजा मिळत नव्हती, म्हणून मी म्हटलं फोनवरून सांगते. आईला ते पटेना. शेवटी ती तयार झाली, पण अट घालून. "दिवेलागणीपतूर वाट बघीन. पोरीला बिननावाची ठेवणार नाय. फोन तुटला तर सुमी ठेवील नाव." सुमीताई ही माझी चुलत बहीण, शेलूला दिलेली. ती चांगलीच आहे हो, पण एकुलत्या एका भावाची ही पहिली मुलगी आणि माझ्या तोंडचं नाव तिला मिळणार नाही, या विचाराने मला जेवण जाईना.

मी निलेशभाऊंना गाठलं. ते हसून म्हणाले, काळजी नको ताई, करतो बंदोबस्त. आदल्या दिवशी चाचणी घेतली, तर चित्र आरशासारखं स्वच्छ. मी नवी साडी इस्त्री करून ठेवली.

बारशाच्या दिवशी तिकडे पाच वाजले होते, माझी दुपार व्हायची होती. कॉल लागला, पाळणा दिसला, झेंडूची माळ दिसली, आणि सगळं थिजलं. आईचा चेहरा अर्धवट उघड्या तोंडाने तसाच अडकून राहिला. तोडून पुन्हा लावला, पुन्हा तेच. मी साध्या फोनने महेशला विचारलं, तेव्हा उलगडा झाला. निलेशभाऊंनी कॉलला नाही, आमच्या अख्ख्या घरालाच पुढचा नंबर दिला होता, कारण कार्य आमच्या घरचं. आणि अण्णांनी आल्यागेल्याला घुगऱ्यांबरोबर वायफायचा पासवर्डही दिला होता. पन्नास बायका पाळण्याचे व्हिडिओ एकदम स्टेटसला चढवत होत्या, आणि ते सगळे व्हिडिओ माझ्या कॉलइतकेच मानाचे. मी अण्णांना म्हटलं, दहा मिनिटं सगळ्यांना बंद करायला सांगा. ते म्हणाले, "सुजे, पाव्हण्यांना पानावरनं उठवू काय गं?"

खरं होतं ते. पाहुण्याला नाही म्हणायला आमच्या घरात कुणी शिकलेलंच नाही.

सुदैवाने निलेशभाऊ तिथेच ओटीवर घुगऱ्या खात बसले होते. मी त्यांना फोनवर घेतलं आणि नेटवर्कची भाषा सोडून थेट गिरणीत नेलं. कुणाच्या घरचं दळण हे बघू नका, म्हटलं, डबा कुठला आणि पोतं कुठलं एवढंच बघा. त्यांनी भराभर महेशचा लॅपटॉप मागवला. मी नियम सांगत गेले, ते लिहीत गेले: कॉल ओळखायचा, त्याची रांग वेगळी करायची, आणि आमच्या डिशकडून टॉवरकडे जातानाही तोच आधी सोडायचा. नियम आमच्या एका घराला नको, अख्ख्या टॉवरला लावा, असंही मी सांगितलं. मागून आईचा आवाज आला, निरांजन कुठंय. सुमीताई पाळण्याजवळ जाऊन उभी राहिली होती.

"लावा आता," निलेशभाऊ म्हणाले.

लावला. आईचं तोंड हललं! पन्नास बायकांचे पन्नास फोन तसेच चालू, कुणाला पत्ताही लागला नाही, आणि मला पाळण्याच्या दोरीची वीणसुद्धा दिसत होती. वहिनीने फोन बाळाच्या कानाशी धरला, वरून तळहाताचा आडोसा केला. मी कुर्र केलं आणि म्हटलं, रेवा. पुन्हा म्हटलं, रेवा. आणि त्या बारा दिवसांच्या पोरीने मान माझ्याकडे वळवली. योगायोग असेल, पण ते मला कुणी सांगू नका.

कडावच्या आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा मस्कतला असतो. त्या रात्री पहिल्यांदाच त्याचा चेहरा तुकडे न होता दिसला, असं काकू दुसऱ्या दिवशी आईला सांगत आल्या. मला बढती मिळाली असती तरी इतका आनंद झाला नसता.

नाव सांगून झालं की बायका आत्याच्या पाठीत धपाटे घालतात, ही आपली रीत. बारशात मी नाव सांगताच सुमीताईने सवयीने हात उगारला आणि तसाच धरून राहिली, मारायचं कुणाला ते तिला कळेना. माझ्या पाठीमागे इथे नुसती भिंत होती. इतका वेळ आवरलेलं रडू तेव्हा फुटलं. आईने फोन हातात घेतला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "रडतेस कशाला गं? तुजे धपाटे कुणाला देत नाय आमी. ठेवलेत. येशील तवा खाशील."

घर कुठे, असं कुणी विचारलं तर मी इथला पत्ता सांगते. चावी इथली, कामही इथलंच, आणि ते मला मनापासून आवडतं. पण माझ्या वाटणीचा मार कडावला राखून ठेवलाय. डिसेंबरचं तिकीट काढलंय.