गाडी हलणार नाही

आता सांगतो, पण मध्ये कुणी हसायचं नाही. चहा प्या आणि गप्प ऐका. माझं डोकं अजून थंड झालेलं नाही.

मला पक्ष्यांचे फोटो काढायचं वेड, हे तुम्हाला ठाऊक आहेच. गेल्या रविवारी सकाळी मुरगूडच्या पुढं एका तळ्यावर गेलतो. तिथं चित्रबलाक उतरलेत असं कळलं होतं. म्हणजे पिवळ्या चोचीचे, गुलाबी पिसांचे मोठे करकोचे. काठावर उताराला गाडी लावली, कॅमेरा घेतला आणि पुढं पाण्याजवळच्या गवतात पालथा पडलो.

समोर थवाच होता. शर्टात चिखल, कानात डास, पण एक पठ्ठ्या अगदी जवळ, पंख उघडायच्या बेतात.

"ओ पावणं," मागनं बांधावरनं हाक आली. म्हशी घेऊन एक मामा उभे होते.

मी हातानंच गप्प बसा म्हणून खुणावलं.

"पावणं, गाडी हल..."

झालं, माझं टाळकंच सरकलं. कोल्हापुरात रंकाळ्यावर गेलो, गाडी हलवा. महाद्वार रोडला गेलो, गाडी हलवा. आता इथं रानातसुद्धा? म्हशींना जायला अख्खा बांध मोकळा होता की!

"गाडी हलणार नाही," मी दातओठ खात कुजबुजलो. कुजबुजत चिडणं किती अवघड असतंय, करून बघा एकदा.

"अवो, पर गाडी..."

"हलणार नाही म्हणजे नाही. पक्षी उडाले तर बघा."

तेवढ्यात डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एक मावशी आल्या. "दादा, जरा मागं तर बघा."

"मावशी, मी इथं पुढं बघायला आलोय. आता कुणी तोंडातनं आवाज काढायचा नाही."

दोघंही गप्प झाले. मामा तर खालीच बसले. म्हटलं, जरा आवाज चढवला की माणसं ऐकतात. करकोच्यानं पंख उघडले. माझं बोट बटणावर.

आणि शेजारी धबाककन आवाज झाला. सगळा थवा उडाला, पाणी माझ्या टाळूपर्यंत. मी ताडकन उठलो आणि कशाकडंही न बघता मामांवर घसरलो.

"टाकलात ना दगड? काय मिळालं तुम्हाला?"

मामांनी नुसतं बोट दाखवलं. माझी गाडी नाकापर्यंत तळ्यात उभी होती.

"मग सांगायचं नाही का हो?" माझा आवाज चिरकला.

"गाडी हलतीया म्हणून सांगत हुतो की," मामा म्हणाले. "तुमी म्हटलासा, हलणार न्हाय. मला वाटलं, चाकाला दगडबिगड लावला असंल."

"आन् मी मागं बघा म्हटलं, तर माझ्यावरच वसकन आलासा," मावशी म्हणाल्या.

हँडब्रेक ओढायचा मीच विसरलो होतो. आता चिडायचं कुणावर? कॅमेऱ्याच्या बॅगेला लाथ घातली, तर तीही चिखलात गेली.

शेवटी मामांनीच त्यांच्या पुतण्याचा ट्रॅक्टर बोलावला आणि गाडी बाहेर ओढून काढली. चारी दारांतनं पाणी वाहत होतं. तेवढ्यात बायकोचा फोन.

"अहो, निघालात का? दुपारी कागलला लग्नाला जायचंय. आणि गाडी किती घाण झालीय, येताना धुऊन आणा."

"आणतोय," मी खेकसलो. "आतनंसुद्धा."