इजाजत न मिळालेलं नाटक

निजामाच्या राजवटीनं मराठवाड्यातल्या ज्या थोर कलाकृती दडपून टाकल्या, त्यांत आमच्या भूगोलाच्या सरांच्या नाटकाचा नंबर फार वरचा आहे. निदान सर तो तसा लावत. ही गोष्ट आम्हाला ते पहिल्याच तासाला सांगत, म्हणजे पृथ्वी गोल आहे हे सांगायच्याही आधी. सर शाळकरी असताना इथंच, औरंगाबादेत, त्यांच्या मास्तरांनी एक नाटक लिहायला घेतलं. मुलांनी दोन अंक पाठ केले, तालमी झाल्या, गल्लीत बांबूही येऊन पडले. पण सरकारची इजाजत आली नाही. बांबू परत गेले. पुढं पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, शाळा मराठी झाल्या, सर नोकरीला लागले, डोक्यावरचे केस गेले. पण ते दोन अंक काही सरांच्या डोक्यातून गेले नाहीत.

सरांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. पाढे ते उर्दूतूनच पुटपुटत, आणि आम्हाला मराठीतून गोदावरी शिकवता शिकवता मध्येच त्या नदीचा उर्दूतला दरिया होई. पण त्यांचा खरा विषय रंगभूमी, आणि शाळेत ती नसल्यामुळे ते मिळेल त्या जागेला रंगभूमी करत. वर्गात उशिरा येणाऱ्याला ते शिक्षा करत नसत. बाहेर पाठवून पुन्हा यायला लावत, कारण त्यांच्या मते त्याचा प्रवेश पडला होता. एकदा दोन शिक्षकांचं खुर्चीवरून कडाक्याचं भांडण जुंपलं. सर मध्ये पडले, ते एकाला जरा तिरकं उभं राहायला सांगण्यासाठी. मागं शिपाई उभा होता आणि त्याला काही दिसत नव्हतं. घरी त्यांच्या पत्नी म्हणत की हे भाजी आणायला जातानासुद्धा दारात क्षणभर थांबतात, टाळी येते का बघतात.

दरवर्षी गॅदरिंगला सर तेच नाटक बसवत. नाटकाचं नाव त्यांनी आम्हालाही सांगितलं नाही. पूर्वी नाव फुटलं की धोका असे आणि ती सवय गेली नव्हती. वहीही नव्हती. सगळं सरांच्या तोंडून ऐकून पाठ करायचं. गोष्ट साधी होती. राजपुत्राला शत्रूनं किल्ल्यात डांबलंय, आणि त्याची बहीण एकटी, दिवा घेऊन, त्याला सोडवायला निघाली आहे. ती दरवाजाशी पोचते, आतून पहारेकरी ओरडतो, ‘कोण आहे तिथं?’ आणि दुसऱ्या अंकाचा पडदा पडतो. आमच्या वर्षी पहारेकरी मी होतो. छावणीच्या बाजारातून आणलेला एक जुना लष्करी डगला मला गुडघ्याखाली येई. हे काम लहानपणी सरांनी स्वतः केलेलं होतं, त्यामुळं माझ्या त्या एका वाक्यावर राजपुत्राच्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त मेहनत झाली.

तालमी पुऱ्या झाल्या की सर आम्हाला वेषभूषेसकट पोलीस चौकीत घेऊन जात. तिथले म्हातारे जमादार निजामाच्या पोलिसातले, नव्या सरकारनं तसेच ठेवून घेतलेले. आमची वरात रस्त्यानं येताना दिसली की ते कपाळाला हात लावत.

“मास्टरसाब, अब किस की इजाजत? हर साल बोलतौं, जरूरत नक्को.”

“विचारलेलं बरं असतं, जमादारसाहेब.”

मग जमादार बाकड्यावर बसत, एखाद्या चोराला कोपऱ्यात सरकवून जागा करत, आणि आम्ही दोन अंक करून दाखवत असू. माझं वाक्य त्यांना पसंत पडलं नाही. पहारेवाला असा नींदेत विचारत नसतो, म्हणाले, आणि उठून त्यांनी ‘कौन है’ असं काही विचारलं की कोपऱ्यातल्या चोरानं आपलं नाव सांगितलं. शेवटी मान हलवून ते इजाजत देत. आम्ही निघालो की सरांचा हात धरून हळू आवाजात म्हणत, “उस जमाने में तुमारा खेल हमने रोका. माफ करना.” सर म्हणत, तुम्ही हुकमाचे बंदे, तुमचा काय दोष. हाही प्रवेश दरवर्षी होई आणि तो कधी पडला नाही.

अडचण एकच होती. तिसरा अंक सरांना ठाऊक नव्हता. इजाजत आल्यावर पुढचं शिकवतो, असं मास्तर म्हणाले होते, आणि मास्तर तर केव्हाच वारले होते. जुने सवंगडी पांगले होते; ज्याचा पत्ता लागेल त्याला सर तिसरा अंक विचारत. हेडमास्तरांनी सुचवलं की शेवटी सगळ्यांनी एकत्र येऊन देशभक्तीपर गीत म्हणावं. दुसऱ्याच्या नाटकाला आपण शेवट लावायचा नसतो, असं सांगून सर दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

आमच्या वर्षी सरांना जालन्याचा एक मित्र सापडला. अडतीचं दुकान, झुपकेदार मिशा, खुर्चीत न मावणारा देह. मूळ नाटकातली बहीण ती हीच. ते प्रयोगाला आले, पहिल्या रांगेत बसले आणि बहिणीच्या प्रवेशाला उपरण्यानं डोळे पुसत राहिले. मी ‘कोण आहे तिथं?’ ओरडलो, पडदा पडला, आणि लोक पुढच्या अंकाची वाट बघत बसून राहिले. शेवटी प्रमुख पाहुणे उठले आणि त्यांनी आपल्या भाषणात तिसऱ्या अंकाचं विशेष कौतुक केलं.

सर मित्राला विंगेत घेऊन गेले. तिसरा अंक काय होता, एवढंच त्यांनी विचारलं. मित्रांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं. “ध्यानात नाय रे,” म्हणाले, आणि जालन्याची गाडी पकडायची म्हणून निघून गेले.

सर तिथंच उभे राहिले. मी डगला उतरवत होतो.

“तू पहारेकरी आहेस,” ते म्हणाले. “तुला काय वाटतं? उघडतो का तो दार?”

मी म्हटलं, उघडतो, सर.

“माझ्याही मनात तसंच होतं,” सर म्हणाले. “पण आपल्या मनावर कुठं असतं? वरून हुकूम यावा लागतो.”

सर निवृत्त झाले त्या वर्षीही दोनच अंक झाले. पुढं काही वर्षांनी ते गेले. त्यानंतर एकदा कामानिमित्त मी जालन्याला गेलो होतो, तेव्हा सरांच्या त्या मित्राच्या दुकानात चौकशी करून पोचलो. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. सरांची आठवण काढली, आणि आता तरी सांगा म्हणून तिसरा अंक विचारला. ते गादीवर जरा मागं टेकले.

“असला तर सांगू ना. मास्तरला पुढचं सुचलंच नाय. लई दिवस डोकं खाजवलं त्यानं. मग एक दिवशी म्हणला, पोराहो, सरकार इजाजत देईना. आम्ही लहान, आम्हाला खरंच वाटलं. मला मागून त्याच्या पोरानं सांगितलं. अर्ज केलाच नव्हता.”

सरांना का नाही सांगितलं, असं मी विचारलं.

“तुम्ही सांगितलं असतं?” त्यांनी विचारलं, आणि गड्याला चहा आणायला पाठवलं.

निजामाच्या पोलिसांनी हे नाटक पाहिलं ते आमच्याच चौकीत, निजाम गेल्यावर. त्यांना ते आवडलं होतं.