मामांची लेन्स आणि माझ्या लग्नातलं धुकं

नसत्या उठाठेवी करायची खोड मला लहानपणापासून आहे. घड्याळ उघडून बघायचं, रेडिओचं मागचं झाकण काढायचं आणि मग आईचा मार खायचा. आता सेनगावच्या शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे त्याच खोडीचा पगार मिळतो.

मागच्या दिवाळीत मी एक मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, डिजिटल कॅमेरा घेतला. कुणीतरी वापरलेला, पर्सच्या कप्प्यात बसेल एवढाच. मोबाइल असताना हे कशाला, असं नवऱ्यानं विचारलं. मी त्याला समजावलं, की मध्ये एक धातूची कडी लावली की या कॅमेऱ्याला रोलच्या जमान्यातल्या लेन्स बसतात. "म्हंजे नव्या ट्रॅक्टरला जुना नांगर," तो म्हणाला आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. मला मात्र राहवेना. जुनी लेन्स कुठे मिळेल हेही मला ठाऊक होतं.

वसमतला माझ्या मामांचा फोटो स्टुडिओ होता. आसपासच्या गावांतल्या कितीतरी घरांच्या भिंतींवर त्यांनी काढलेली जोडपी टांगलेली आहेत. माझ्या लग्नाचे फोटो त्यांनी हौसेनं, आहेर म्हणून काढले. अल्बम आला तेव्हा आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. नवरा-नवरी, मांडव, पंगत, सगळ्यावर पांढुरकी साय आल्यासारखी. भर वैशाखातलं लग्न आणि फोटोत पौषातली सकाळ. सासूबाई बरीच वर्षं पाहुण्यांना अल्बम दाखवताना म्हणायच्या, "डोळे चोळू नका, फोटोच तसे हाईत." मीही हसायचे.

मामा हसले नाहीत. फोकस साधत नाही, डोळे गेले माझे, असं म्हणून त्यांनी त्याच मोसमात स्टुडिओचं शटर ओढलं आणि हळदीच्या आडतीवर कारकुनी धरली. चष्मा त्यांनी दोनदा बदलला, पण कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला नाही. माझ्या लग्नामुळे मामांचा धंदा बसला, ही बोच मला आजवर कुणाला सांगता आली नाही.

लेन्स मागितली तेव्हा त्यांनी ती ट्रंकेतून काढून दिली. "ने, माय. लेन्स चांगली हाय. खराब व्हता तो डोळा."

ही लेन्स स्वतः काहीच करत नाही. तिच्यावरचं कडं आपण फिरवायचं, फोकस आपण शोधायचा. कॅमेरा मदत करतो ती एवढीच, की चित्राचा एखादा तुकडा पडद्यावर मोठा करून दाखवतो. पहिल्या रविवारी मी शेजाऱ्यांच्या शेळीसमोर बसले. कडं हळूहळू फिरवत गेले आणि एका ठिकाणी शेळीच्या पापण्यांचा केस न् केस सुटा झाला. मला भलताच आनंद झाला. पण मग लक्षात आलं, की त्या सुट्या केसांवरही साय आहे. तीच, माझ्या अल्बममधली.

मी शेळीला तिथेच सोडून घरात आले. फोकस चुकला की कडा पसरतात, हे मी दरवर्षी भिंग घेऊन मुलांना दाखवते. इथे कडा जागच्या जागी होत्या, फक्त वरून पडदा होता. लेन्सच्या एका बाजूने मोबाइलची बत्ती धरली आणि दुसऱ्या बाजूने तिरपं पाहिलं. पुढची काच लख्ख, मागची लख्ख, आणि आत, दोन काचांच्या मध्ये, एक पिवळसर थर.

अल्बममधलं धुकंही याच थराचं असेल, तर मामांचे डोळे तेव्हा गेलेलेच नव्हते. पण तेव्हाच्या कडा खरंच जागच्या जागी होत्या का, हे कागदावरच्या लहान, फिकट फोटोंवरून ठरवता येणार नव्हतं. त्यासाठी निगेटिव्ह हव्यात, आणि त्या मामांकडेच होत्या.

पुढच्या रविवारी वसमत गाठलं. "निगेटिव्हचे फोटो काढायचेत," एवढंच मामांना सांगितलं. ते पाकिटं शोधायला आतल्या खोलीत गेले. मी लेन्स पुन्हा बत्तीपुढे धरली, तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या आणि खांद्यावरून वाकल्या.

"आत पिवळं काय दिसून राहिलं?"

"धूळ असंल, मामी."

त्यांनी लेन्स हातात घेतली, नाकाशी नेली आणि तशाच खाली बसल्या. मामा पाकिटं घेऊन बाहेर आले, तशी मामींनी लेन्स त्यांच्यापुढे धरली.

"अहो, ही माजी हळद हाय," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात भिंगाला बुरशी येती म्हणून तुमीच चिडचिड करायचे न्हवं? मी दरसाल, लग्नं नसायची तवा, फडक्यात बांधून हळदीच्या डब्यात ठेवायची. हळदीत बुरशी धरत न्हाई, म्हणून. दिवाळीला पुसून परत जाग्यावर ठेवायची. दरसाल थोडी थोडी आत गेली असंल. तुमाला सांगितलंच न्हाई कदी."

मामांचा चेहरा उतरला. ते मामींवर ओरडतील असं मला वाटलं, आणि ओरडले असते तर मी त्यांना दोष दिला नसता. पण ते माझ्याकडे वळले. "मग त्या दिवशी मला बराबर दिसत व्हतं का?"

"आत्ता बघू, मामा."

खिडकीच्या काचेला पांढरा कागद लावला, त्यावर निगेटिव्ह चिकटवली. माझ्याजवळ कॅमेऱ्याबरोबर आलेली दुसरी, स्वच्छ लेन्स होती. ती लावून एकेक चौकट टिपली आणि पडद्यावर मोठी करून मामांसमोर धरली. त्यांनी चष्मा पुसला. काळ्याचं पांढरं झालेल्या त्या उलट्या चित्रातही शालूच्या काठावरची नक्षी अन् नक्षी मोजता येत होती. सगळं फिकट होतं, पण जागच्या जागी होतं.

"बराबर," मामा म्हणाले. पुढची चौकट. "बराबर." मग पंगत, मग वरात. प्रत्येक वेळी त्यांचा आवाज थोडा वर चढत गेला, परीक्षेचा निकाल वाचल्यासारखा. मला रडू येत होतं. मामी मात्र मान खाली घालून बसल्या होत्या; दर 'बराबर'सरशी त्या आणखी खाली वाकत होत्या, कारण दर फोटोबरोबर दोष त्यांच्याकडे सरकत होता.

मग अंतरपाट दूर झाल्याक्षणीची चौकट आली. मी कडं इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. माझा चेहरा नुसता पसरलेला. काठ नाही, मुंडावळ्या नाहीत. मी घाईनं पुढे जायला लागले, पण मामांनी माझा हात धरला. पडदा डोळ्यांजवळ नेऊन ते बराच वेळ पाहत राहिले, आणि त्यांना हसू आलं.

"हा हुकला. हा मात्र माजा हुकलाय," ते म्हणाले आणि कॅमेरा मामींच्या पुढ्यात धरला. "अगं, वर बघ. तवा लेकरू चाललं म्हणून माजे डोळे भरले व्हते. ह्यात तुज्या हळदीचा काई दोष न्हाई."